समुद्राचा राजा बंद पडतो

सोमवार, २१ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा. ओरुरोहून आगगाडी चार तास उशिरा निघाली, शेजारच्या बाईची कोंबडी सगळा रस्ता माझ्या मांडीवर बसून आली, तरी आज मन प्रसन्न आहे. लिपिकोलो म्हणजे जेमतेम चाळीस घरं. भिंतीसुद्धा मिठाच्या विटांच्या. गाव संपलं की पुढे नुसतं मिठाचं पठार, नजर ठरत नाही इतकं पांढरं. डोळे जाऊ नयेत म्हणून सगळे काळा चष्मा लावतात आणि तोंडाला फडकं बांधतात, त्यामुळे बाजारात उतरल्यावर वाटलं, दरोडेखोरांच्याच गावात आलो की काय.

मालकीण दोन्या, म्हणजे बाईसाहेब, नेमेसिया. पंचेचाळिशीची असेल. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आतच तिनं क्विनोआची गरम पेज पुढ्यात ठेवली. मग ट्रक दाखवला. चौऱ्याहत्तर सालचा, सहा सिलिंडरचा डिझेल. कपाळावर निळ्या अक्षरांत नाव: समुद्राचा राजा. शंभर वर्षांपूर्वी समुद्र गमावून बसलेल्या आमच्या देशात ट्रकांना अशीच नावं देतात.

दुखणं तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. चांगला चालता चालता मधेच मरतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुणी काही न करता पुन्हा जिवंत होतो. म्हणाली, पाच मिस्त्री आले, पाचांनी पाच रोग सांगितले, जेवले आणि गेले. तुम्ही सहावे, निदान जेवण कसं झालंय ते तरी सांगून जा! मी म्हटलं, बाई, सव्वीस वर्षं डिझेलनं हात धुतोय, आठवड्यात बरा करतो. बोलणं असं आहे की ट्रक नीट चालला तर मीठ वाहायला ड्रायव्हर मीच, आणि मागची खोली कायमची माझी.

उबाल्दिना जाऊन दोन वर्षं झाली. ओरुरोच्या त्या रिकाम्या घरात स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकून मी विटलो होतो. इथे राहायला मिळालं तर बरं होईल, हे आजच लिहून ठेवतो.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

माझ्या उस्तादाचा नियम होता: एका दिवशी एकच गोष्ट बदलायची आणि वेळेसकट लिहून ठेवायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी होते, पण मिस्त्री शहाणा होत नाही.

आज डिझेल फिल्टर. उघडला तर वाटीत पाणी आणि खारट गाळ. म्हटलं, सापडला चोर. फिल्टर नवा घातला, हातपंपानं सगळी हवा काढली आणि पठारावर मीठ भरायला गेलो. मजूर पांढरे ढीग करून ठेवतात, ते भरून आणायचे. ट्रक लोण्यासारखा चालला. बरोबर बारा वाजता मेला. खोकला नाही, धक्के नाहीत, काळा धूर नाही. कुणीतरी बंद करावा तसा शांतपणे बंद पडला. बारा वीसला सेल्फ मारल्याबरोबर चालू.

वाट बघत बसलो होतो तेव्हा दूर दक्षिणेला एक काळा ठिपका दिसला. सायकलवाला असेल. इथे उन्हात अंतराचा काही अंदाजच येत नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

पाइपातून हवा शिरते म्हणावं, तर सांध्यांवरचे तांब्याचे सगळे वायसर नवे घातले. परतीच्या नळीत काचेसारखी पारदर्शक नळी जोडली, बुडबुडा आला तर दिसावा म्हणून. ताता लुसियानो हा शेजारचा म्हातारा मीठ खणणारा मुद्दाम खुर्ची आणून बघत बसला. बाकीच्या मिस्त्रींनी निदान शिव्या तरी दिल्या होत्या, हा तर शाळेत बसल्यासारखा लिहितोय, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला.

नळीत एकसुद्धा बुडबुडा नाही. डिझेलची धार स्वच्छ. बारा वाजता धार चालू असतानाच इंजिन थांबलं.

ठिपका आजही होता. कालच्यापेक्षा थोडा ठळक. सायकलवाला म्हणजे भलताच सावकाश दिसतो.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

काल फीड पंप खोलला. पडदा फाटलेला नाही, स्प्रिंग शाबूत. उगाच खोलला. आज टाकीचा श्वास तपासला. झाकणाचं भोक बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि डिझेल येईनासं होतं. झाकण काढूनच गाडी चालवली. बारा वाजता बंद.

संध्याकाळी नेमेसियानं तिच्या नवऱ्याचं चामडी जाकीट मला दिलं. वारा झोंबत होता, मी घेतलं. खांद्यात नेमकं बसलं. मग तिनं आपणहोऊनच सगळं सांगितलं. तिचा नवरा सातुर्निनो हाच ट्रक चालवायचा. कुठेही असो, बारा वाजले की इंजिन बंद करून ट्रकच्या सावलीत जेवायला बसायचा. तीन वर्षांपूर्वी ट्रक पठाराच्या मधोमध उभा सापडला. डबा अर्धा खाल्लेला, काळा चष्मा सीटवर, तो नाही. गाव म्हणतं, मेला. नेमेसिया म्हणते, मेला कसला, उयुनीच्या खानावळीतल्या त्या बाईबरोबर सीमेपलीकडे पळाला, आता समुद्राकाठी बसून मासे खात असेल. हे सांगताना ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं काही सांगता येत नाही.

ताता लुसियानोचं म्हणणं वेगळं. त्यानं मला कुंपणाशी गाठून सांगितलं. म्हणे त्या दिवशी ऊन असं होतं की चष्मा काढल्याबरोबर माणूस आंधळा व्हावा. लघवीला म्हणून चार पावलं गेला असेल आणि ट्रक कुठल्या दिशेला आहे तेच त्याला कळलं नसेल. चालत राहिला असेल बिचारा. शेवटी म्हणाला, ते जाकीट घालू नका मिस्त्री. मी म्हटलं, थंडी तुम्ही घालवणार का?

रविवार, २७ ऑक्टोबर

टाकीच खाली उतरवली. कधीकधी आत चिंधी असते. ती ओढली जाते, पाइपाच्या तोंडाशी बसते, इंजिन मेलं की खाली पडते. म्हणून थोड्या वेळानं गाडी पुन्हा चालू होते. दुखणं तंतोतंत तसंच आहे. सगळं डिझेल फडक्यातून गाळलं. चिमूटभर गंज निघाला, बाकी काही नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. हे इंजिन बंद करायला केबिनमध्ये एक तार आहे. ती ओढली की पंपावरचा छोटा दांडा फिरतो आणि डिझेल तुटतं. तार कुठेतरी अडकत असणार. तार काढूनच फेकली. आता केबिनमधून इंजिन बंद करायची सोय नाही, इतका अडाणी उपाय मी आयुष्यात केला नव्हता. उद्या बोनेट उघडं ठेवून बारा वाजता समोर उभा राहणार आहे.

नेमेसियानं आज माझ्या शर्टाला बटणं लावून दिली. मला बरं वाटलं, इतकं की लाज वाटली. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कुणी घर देत नाही. हा ट्रक मला चालवायचाच आहे.

सोमवार, २८ ऑक्टोबर



अंगणातच गाडी चालू ठेवली होती. बोनेट उघडं, मी समोर, घड्याळ हातात. बारा वाजले. पंपावरचा दांडा हलला. तार नाही, कुणाचा हात नाही. सावकाश, कुणी बोटानं मागे ढकलावा तसा तो 'बंद' कडे सरकला आणि इंजिन थांबलं. मी दांडा धरून पुढे ढकलायला गेलो. पलीकडून जोर होता. माणसाच्या बोटात असतो तेवढाच.

मान वर केली तर अंगणातून थेट पठार दिसतं. ठिपका आता ठिपका नाही. माणूस आहे. टोपी घातलेला. चालतोय.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

दांडा जाड तारेनं बांधला. सात वेढे, टोकं पक्कडीनं पिळलेली. बारा वाजता बंद. तार उलगडून सरळ केलेली, इंजिनावर नीट ठेवलेली. मिस्त्री ठेवतो तशी.

तो गुडघे न वाकवता चालतो. अंगावर पांढरं काहीतरी आहे, आणि डोळ्यांवर चष्मा नाही. त्या उन्हात चष्मा नाही.

नेमेसियाला हाक मारली, बघ म्हटलं. ती दारात मिठाच्या पिशव्या शिवत होती. पठाराकडे पाठ करून. वळली नाही. मला काय बघायचंय तिकडे, मीठच ना, असं म्हणाली. आत्ता लिहिताना आठवतंय, मी अंगणात असलो की बारा वाजता ती पाठ करूनच बसलेली असते.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

आज भाकऱ्या भाजल्या. उद्या बाराला आत्मे घरी येणार आणि परवा बाराला जाणार. गेलेल्या माणसासाठी तीन वर्षं पान मांडायचं असतं. गेलेल्याच्या नावानं पिठाचं बाळ, आत्म्यानं खाली उतरावं म्हणून पिठाची शिडी, काठीसाठी ऊस, वाटेत पाणी न्यायला कांद्याची पोकळ पात. उबाल्दिनाचं हे दुसरं पान. नेमेसिया आपणहोऊन म्हणाली, इथेच मांडू या, परक्या घरी येते म्हणून तुमची बायको लाजायची नाही. मी हो म्हटलं. ओरुरोचं घर सोडून, हेच माझं घर असल्यासारखं मी तिला या पत्त्यावर बोलावलं.

मग मी म्हटलं, एक बाळ सातुर्निनोच्या नावानं ठेवू. ती एकदम पेटली. जिवंत माणसाचं पान मांडून त्याला मारू का, म्हणाली. तीन वर्षं मांडलं नाही, आता काय म्हणून? मी म्हटलं, तीन वर्षं मांडलं नाहीस म्हणूनच तो चालतोय. तिनं पिठाचा हात टेबलावर आपटला, आणि मग खाली बसली.

शेवटी खरं बाहेर आलं. ट्रक परत आला नाही तेव्हा गावातली माणसं शोधायला निघाली होती. हिनंच थांबवलं. त्या बाईकडे गेलाय, माझी शोभा करू नका, असं सांगून तीन दिवस कुणाला जाऊ दिलं नाही. तीन दिवस तो चालत असेल. तो मेलाय म्हटलं तर मी मारलाय, मिस्त्री, असं म्हणाली आणि तोंड फडक्यात लपवलं.

मला तिची दया आली. आणि हेही लिहितो, भीतीसुद्धा वाटली. त्याचं जाकीट, त्याचा ट्रक, त्याची जागा. आणि आज दुपारी तो गावाबाहेरच्या शेवटच्या ढिगापाशी उभा होता.

पिठाचं बाळ एकच केलं. उबाल्दिनाचं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

मी टेबलाच्या डोक्याशी बसलो होतो. मेणबत्ती लावली, उबाल्दिनाचं नाव घेतलं. अंगणात मी मुद्दाम इंजिन चालू ठेवलं होतं, म्हणजे कळेल म्हणून.

बारा वाजले. इंजिन थांबलं.

अंगणात पावलं. मीठ चिरडल्याचा आवाज. घाई नाही.

दार उघडं होतं. दारात कुणी दिसलं नाही. नेमेसिया पाठ करून भिंतीकडे तोंड —

मेणबत्ती विझली. पिठाच्या बाळाचं डोकं तुटलं. मी बघत असताना. घास घेतला जातो तसं. मग दुसरा. ग्लासातलं पाणी कमी झालं. मी नंतर उरलेलं चाखलं. खारट. कडू होईल इतकं खारट.

ते पान माझ्या बायकोचं होतं. ती कुठे बसली? ती दारात उभी राहिली असेल, आत कुणीतरी जेवताना बघून —

नेमेसिया सारखं एकच म्हणतेय. माफ कर, माफ कर. हे मला नाही, त्याला म्हणतेय.

शुक्रवार, संध्याकाळ

ताता लुसियानो आला. त्याला सगळं सांगितलं, त्यानं एकदाही थट्टा केली नाही. म्हणाला, उद्या बाराच्या आत जाकीट आणि त्याच्या वाटणीच्या भाकऱ्या जिथे ट्रक सापडला तिथे ठेवा, नेमेसियानं माफी मागावी, मग तो आपल्या वाटेनं जाईल. नेमेसिया म्हणते, पाय उचलत नाहीत. मी एकटा जाणार. नाही गेलो तर उद्या रात्रीपासून तो या घरातच राहील, आणि मग मी कुठे राहू?

आज तिनं ताट वाढलं ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या खुर्चीपुढे. मला नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

सकाळी ११:२०. जागा सापडली. तातानं तिथे दगड रचून ठेवले आहेत. जाकीट जमिनीवर पसरलं, बाह्या नीट केल्या. भाकऱ्या, ऊस, दारूचे चार थेंब जमिनीला. नेमेसियाच्या वतीनं मीच बोललो. म्हटलं, बाबा, तिचं चुकलं, माझंही चुकलं. थंडी वाजत होती म्हणून घेतलं. तुझं तुला घे.

केबिनमध्ये बसलोय. इंजिन चालू आहे. चारी बाजूंना कुणी नाही. इतकं मोकळं आहे की शंभर पावलांवरून मांजर आलं तरी दिसेल.

११:५०. अजून कुणी नाही. वाटतं जमलं.

१२:००. बंद.

दक्षिणेकडे ठिपका. यावेळी दोन.

१२:०४. एक तो. टोपी. दुसरी बाई आहे. घेरदार घागरा वाऱ्यानं फुगलेला, गोल तपकिरी टोपी उजव्या कानावर कललेली. तशी टोपी मी एकाच बाईची बघितली आहे. रोज सरळ करायचो मी ती.

तो तिला घेऊन चालला. तिचं पान खाल्लं आणि आता तिलाच. मी त्याची बायको घेऊ पाहिली, म्हणून तो माझी —

सेल्फ मारतोय. उचलत नाही. दांडा बघायला खाली उतरायचं धाडस —

१२:०९. ते जवळ येतायत, लांब जात नाहीयेत. उबाल्दिना पुढे आहे. पळतेय. ती कधी पळाली नव्हती, छातीत दुखायचं तिच्या.

हात हलवतेय. मला बोलावतेय. आलो, उबा, आलो —

नाही. बोलावत नाही. हात खाली झटकतेय. उतर. उतर म्हणतेय.

तिच्यामागे कुणी नाही. तो तिच्याबरोबर नव्हताच. ती मला सावध करायला त्याच्या आधी पोचू बघत होती, आणि तो —

जमिनीवर जाकीट नाही.

शेजारचं दार आतून लावल्याचा आवाज झाला. इंजिन चालू झालंय, मी किल्लीला हात लावला नाही. मान वळवून बघत नाही. लिहिणारा हात माझा आहे, वही धरलेला माझा आहे, गिअरवर ठेवलेला तिसरा —